कामाच्या ठिकाणचे मानसिक स्वास्थ्य

कामाच्या ठिकाणचे मानसिक स्वास्थ्य : नोकरदाराचे मन कामापायी खचू नये, खचलेच तर त्याला ते बोलून दाखवता यावे, उपचार घेता यावेत आणि बरे झाल्यावर मानाने पुन्हा रुजू होता यावे, यासाठी आस्थापनेने केलेली व्यवस्था. कामाचे वाटप, कामाच्या वेळा, रजा, वरिष्ठांची बोलण्याची पद्धत आणि सहकाऱ्यांमधले संबंध हे सगळे तिच्यात येते. वर्षातून एकदा ठेवलेले ताणमुक्तीचे व्याख्यान किंवा कर्मचाऱ्यांच्या फोनमध्ये भरलेले ध्यानाचे ॲप म्हणजे ही व्यवस्था नव्हे. अशा गोष्टींनी बिघडत काही नाही, पण माणूस रोज ज्या वातावरणात आठ-दहा तास काढतो ते त्यांनी बदलत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ साली जगातील कामकरी वयाच्या सुमारे १५ टक्के प्रौढांना कोणता ना कोणता मानसिक विकार होता. केवळ नैराश्य आणि चिंताविकार यांपायी जगात दरवर्षी सुमारे १,२०० कोटी कामाचे दिवस बुडतात, असेही ही संघटना सांगते. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात भारतातील १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी मानसिक विकार असल्याचे आढळले. विकारानुसार यांपैकी ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचलेले नव्हते. ही माणसे घरी बसून नसतात. त्यांतली बरीचशी रोज सकाळी डबा घेऊन लोकल किंवा बस पकडतात आणि दिवसभर शेजारच्या खुर्चीवर बसून काम करतात.

काम मनाचे वैरी नाही, हेही इथेच सांगायला हवे. ऑस्ट्रियातील मारियेन्थाल गावातला कापडाचा कारखाना बंद पडल्यावर समाजमानसशास्त्रज्ञ मारी याहोडा आणि तिच्या सहकाऱ्यांनी तिथल्या बेकार कुटुंबांचा अभ्यास केला. तो १९३३ साली प्रसिद्ध झाला. रिकामा वेळ मिळूनही लोकांचे वाचन कमी झाले होते, चाल मंदावली होती, दिवसाला आकार उरला नव्हता. १९८२ च्या संपानंतर गिरणगावाने हेच घरोघरी पाहिले. काम दिवसाला घडी देते, ओळख देते, चार माणसे देते. म्हणून कामच नको असे इथे कोणी म्हणत नाही. ते कसे करवून घेतले जाते, हा प्रश्न आहे.

पूर्वपीठिका

मानसिक आरोग्य हा शब्द रुळण्याच्या कितीतरी आधी हा लढा मुंबईत सुरू झाला होता. महात्मा फुले यांचे सहकारी आणि ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांच्या सभा घेऊन एक अर्ज तयार केला आणि त्यावर सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्या घेतल्या. आठवड्यातून एक दिवस सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, कामाच्या तासांना मर्यादा, ठरल्या वेळी पगार आणि अपघात झाल्यास भरपाई, अशा त्या मागण्या होत्या. गिरणी मालकांच्या संघाने अखेर १० जून १८९० रोजी साप्ताहिक सुट्टी मान्य केली. आज रविवारी सकाळी उशिरा उठणाऱ्या प्रत्येक नोकरदारावर लोखंडे यांचे ऋण आहे. विश्रांती, जेवणाची सुट्टी, वेळेवर पगार आणि अडचणीत वाऱ्यावर न सोडल्याची खात्री ही त्यांची यादी आणि आजच्या संशोधकांची यादी शेजारी शेजारी ठेवली, तर फरक फार थोडा दिसतो.

अमेरिकेत १९४० च्या दशकात काही उद्योगांनी दारूच्या आहारी गेलेल्या कामगारांना काढून टाकण्याऐवजी उपचाराला पाठवायला सुरुवात केली. मोठ्या कंपन्यांत आज कर्मचारी साहाय्य योजनेखाली गोपनीय समुपदेशन मिळते, त्याचे मूळ तिथे आहे. ‘बर्नआउट’ हा शब्द १९७४ मध्ये मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी वैद्यकीय लेखनात आणला. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत त्याची नोंद आहे, पण आजार म्हणून नाही. कामाच्या ठिकाणच्या, दीर्घकाळ न सांभाळल्या गेलेल्या ताणातून येणारी स्थिती अशी ती नोंद आहे. थकवा, कामाविषयी तुटलेपणा किंवा कडवटपणा आणि आपल्या हातून काही नीट होत नाही ही भावना, ही तिची तीन अंगे. मराठीत माणूस ‘पार पिळून निघालोय’ म्हणतो, तेव्हा तो हेच सांगत असतो.

ताण कुठून येतो

जेवढे पद मोठे तेवढा ताण मोठा, हा सर्वसाधारण समज. ब्रिटिश सरकारी नोकरांवर १९६७ पासून सुरू झालेल्या व्हाइटहॉल अभ्यासांनी तो उलटा पाडला. हृदयविकाराने मरण्याचे प्रमाण वरच्या अधिकाऱ्यांपेक्षा खालच्या श्रेणीतल्या कर्मचाऱ्यांत जास्त निघाले. धूम्रपान, रक्तदाब वगैरे गोष्टी हिशेबात घेऊनही हा फरक पूर्ण मिटेना. पुढच्या टप्प्यात दिसले, की आपल्या कामावर आपले कितपत चालते याचा त्यात मोठा वाटा आहे. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट करासेक यांनी १९७९ मध्ये हीच गोष्ट सूत्रात मांडली होती : नुसत्या कामाच्या बोज्याने माणूस मोडत नाही; बोजा जास्त आणि मुभा कमी असली की मोडतो. कॉल सेंटरमधल्या ज्या मुलीला पाणी प्यायला उठण्याची मिनिटेही मोजून दिलेली असतात, तिचा ताण आणि स्वतःच्या दवाखान्यात रात्री दहापर्यंत बसणाऱ्या डॉक्टरचा ताण एका जातीचे नाहीत.

समाजशास्त्रज्ञ योहानेस सिग्रिस्ट यांनी १९९६ मध्ये याला दुसरी बाजू जोडली. माणूस जेवढे राबतो त्या मानाने त्याला पगार, कदर, बढती आणि नोकरीची शाश्वती मिळाली नाही, तर ती तफावत शरीराला आणि मनाला लागते. त्याच सुमारास संशोधक एमी एडमंडसन अमेरिकेतल्या रुग्णालयांत औषधे देताना होणाऱ्या चुका मोजत होत्या. चांगल्या चमूंत चुका कमी असतील, अशी त्यांची अपेक्षा होती. नोंदी पाहिल्या तर चांगल्या चमूंत चुका जास्त. मग उलगडा झाला. तिथल्या परिचारिका चुका झाल्या की सांगत होत्या, इतर ठिकाणी त्या लपवल्या जात होत्या. ‘आपण बोललो तर आपला पाणउतारा होणार नाही’ या विश्वासाला एडमंडसन यांनी मानसिक सुरक्षितता म्हटले. १९९९ पासून ही कल्पना व्यवस्थापनशास्त्रात रुजली.

तासांचा प्रश्न यापेक्षा सरळ आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांच्या २०२१ च्या संयुक्त अभ्यासानुसार आठवड्याला ५५ किंवा त्याहून अधिक तास काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी जास्त असतो. जपानी भाषेत अशा मृत्यूला ‘करोशी’ हा शब्दच आहे. तो रोखण्यासाठी त्या देशाने २०१४ मध्ये कायदा केला, आणि डिसेंबर २०१५ पासून ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना दरवर्षी ताणतपासणी बंधनकारक केली.

देवनारचे वेळापत्रक

महाराष्ट्रातले सर्वांत बोलके उदाहरण कोणत्याही बहुराष्ट्रीय कंपनीतले नसून पोलीस ठाण्यातले आहे. मुंबई पोलीस दलात बारा तासांची ड्युटी ठरलेली. बंदोबस्त लागला, सण आला, गुन्हा घडला की ती लांबत जाई. घर लांबच्या उपनगरात असेल तर प्रवास वेगळा. मुले उठायच्या आत घर सोडायचे आणि ती झोपल्यावर परतायचे. रक्तदाब, मधुमेह आणि चिडचिड हे जणू गणवेशाबरोबरच मिळत.

देवनार पोलीस ठाण्यातल्याच एका कर्मचाऱ्याने आहे त्या मनुष्यबळात आठ-आठ तासांच्या तीन पाळ्या बसवता येतात, हे कागदावर मांडून दाखवले. तत्कालीन पोलीस आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी तो कागद बाजूला सारला नाही. मे २०१६ मध्ये देवनारला प्रयोग सुरू झाला आणि पुढे तो शहरातल्या इतर ठाण्यांत टप्प्याटप्प्याने नेला गेला. मनुष्यबळाच्या टंचाईमुळे हे वेळापत्रक सगळीकडे सारखे टिकले नाही, ही खंत आहेच. तरी जानेवारी २०२२ मध्ये राज्यातील महिला पोलिसांसाठी आठ तासांच्या ड्युटीचा आदेश निघाला, त्यामागे हा अनुभव होता.

या प्रयोगाला कोणी मानसिक आरोग्याचा उपक्रम म्हटले नाही. पण या क्षेत्रात महत्त्वाचे मानले जाणारे जवळजवळ सारे त्यात आहे. काम करणाऱ्यानेच आपल्या कामाची आखणी सुचवली, वरिष्ठाने ती ऐकली, आणि बदल माणसाच्या स्वभावात न करता हजेरीच्या तक्त्यात केला. ऑक्सफर्डचे संशोधक विल्यम फ्लेमिंग यांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २३३ ब्रिटिश संस्थांमधल्या ४६,३३६ कर्मचाऱ्यांची माहिती तपासली. ताणनियंत्रणाचे वर्ग, सजगतेचे सराव, स्वास्थ्याची ॲप यांत भाग घेतलेले लोक, न घेतलेल्यांपेक्षा बरे आहेत असे त्यात दिसले नाही. स्वयंसेवेचे काम हा एक अपवाद निघाला. ब्रिटनमध्ये जे पाहणीतून दिसले, त्याची दुसरी बाजू, म्हणजे माणसाऐवजी काम बदलणे, देवनारच्या तक्त्यात दिसते.

कचेरीतली संस्कृती

संस्कृती भिंतीवर लावलेल्या मूल्यांच्या फलकावर नसते. ती संध्याकाळी सहा वाजता दिसते. काम संपलेले, संगणक बंद केलेला, आणि तरी माणूस खुर्चीत बसून. का, तर ‘साहेब बसलेत, कसं निघायचं?’ कोणी निघालाच तर मागून ‘आज हाफ डे का?’ असा आवाज येतो. हसत टाकलेल्या या एका वाक्याने कंपनीच्या पाच पानी स्वास्थ्य-धोरणावर पाणी पडते. याउलट साहेब स्वतः वेळेवर उठला, हक्काची रजा घेतली आणि रजेत फोन उचलला नाही, तर वेगळे परिपत्रक काढावे लागत नाही.

दुसरी खूण रजेच्या अर्जात सापडते. तीन रात्री झोप न लागलेला, छातीत धडधडणारा माणूस अर्जात ‘पोट बिघडले’ किंवा ‘व्हायरल’ लिहितो. खरे कारण लिहिले तर अप्रेझलमध्ये निघेल, मोठे काम देताना ‘त्याला झेपायचं नाही’ म्हणतील, ही भीती त्याला असते, आणि ती बहुतेकदा अनाठायी नसते. जिथे कारण न विचारता रजा मिळते, किंवा मानसोपचारतज्ज्ञाचे प्रमाणपत्र हाडांच्या डॉक्टरच्या प्रमाणपत्राइतकेच निमूट स्वीकारले जाते, तिथे हे खोटे हळूहळू थांबते.

कसोटी लागते ती माणूस परत येतो तेव्हा. नैराश्याच्या उपचारांसाठी महिनाभर रजेवर असलेली सहकारी रुजू होते त्या सकाळी सगळे जरा जास्तच गोड बोलतात, मग गप्प होतात. तिची कामे दुसऱ्यांना दिलेली असतात, ती तशीच राहतात. हेतू चांगला असतो, पण तिला आपण निकामी ठरल्याचे कळते. त्यापेक्षा वरिष्ठाने वेगळे बसून ‘कुठल्या कामापासून सुरुवात करायला बरं वाटेल?’ एवढे विचारावे, पहिले काही आठवडे वेळ कमी ठेवावी, आणि कोणाला काय सांगायचे ते तिलाच ठरवू द्यावे. दुपारी डबा उघडताना नेहमीच्या घोळक्याने तिला नेहमीसारखी हाक मारावी. एकत्र डबा खाण्याची आपली रीत हा या विषयातला फार मोठा आधार आहे, आणि जेवणाची सुट्टी मीटिंगने खाल्ली की तो पहिला जातो.

वरिष्ठाने डॉक्टर व्हावे अशी अपेक्षा कोणाची नाही. सहकारी एकाएकी गप्प झाला, सारखा चुकू लागला, चिडू लागला, तर ओळखावे, एकांतात विचारावे, ऐकून घ्यावे आणि योग्य मदतीपर्यंत पोहोचवावे, इतकेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या सप्टेंबर २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत व्यवस्थापकांच्या या प्रशिक्षणाची शिफारस आहे. ठाण्याच्या आयपीएच या मानसिक आरोग्य संस्थेचे संस्थापक डॉ. आनंद नाडकर्णी मराठीतून अनेक वर्षे हा विषय उद्योगांपर्यंत नेत आले आहेत.

कायदा

मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्याच निकषांवर वैद्यकीय विमा द्यायचा आहे. कंपनीच्या गटविम्यात हे कलम आहे का, हे फार थोडे कर्मचारी पाहतात, पाहावे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मानसिक आजाराला दिव्यांगत्वाच्या प्रकारांत धरतो. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती मागतो. ज्या कचेरीत छळाची तक्रार दाबली जाते तिथे मनःस्वास्थ्याच्या गोष्टी करण्यात अर्थ नाही, म्हणून त्याची नोंद इथे हवीच.

महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा होती. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दिवसाची मर्यादा १० तासांवर नेण्यास मंजुरी दिली. लोखंडे यांच्या मुंबईत घड्याळाचा काटा उलट्या दिशेने सरकावा, हे क्लेशकारक आहे. कामाच्या वेळेनंतर फोन व ईमेलला उत्तर न देण्याचा हक्क फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून, तर ऑस्ट्रेलियात ऑगस्ट २०२४ पासून कायद्यात आहे. भारतात बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी तसे खासगी विधेयक डिसेंबर २०१८ मध्ये लोकसभेत मांडले. त्याचा कायदा झालेला नाही. रात्री अकराला कामाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येणारे ‘पाहिलं नाही का?’ अजून कोणत्याही कलमात बसत नाही.

कचेरीबाहेरचे

वरचे बहुतेक विवेचन ज्यांना कचेरी, रजेचा अर्ज आणि एचआर विभाग आहे त्यांच्यापुरते आहे. कंत्राटी सफाई कामगार, घरकाम करणाऱ्या बाया, आशा सेविका, मिनिटे मोजत दुचाकीवरून पार्सल पोहोचवणारी मुले यांच्या कामात बोजा सर्वांत जास्त आणि मुभा सर्वांत कमी असते. एक दिवस घरी बसले की त्या दिवसाची कमाई जाते. त्यांच्यासाठी मानसिक स्वास्थ्याची पहिली पायरी म्हणजे पगारी सुट्टी, बसायला जागा आणि स्वच्छतागृह. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची ‘आयकॉल’ ही समुपदेशन सेवा २०१२ पासून चालू आहे. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. तिचा क्रमांक १४४१६. ती विनामूल्य आहे, दिवसरात्र चालते आणि तिच्यावर मराठीतून बोलता येते. त्यासाठी कोणत्याही कंपनीचे ओळखपत्र लागत नाही.