गच्चीवर सोलर बसवायचंय? आधी सोसायटीच्या लाइट बिलावरचं नाव बघा

‘माझा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर आहे, मला सूर्यघरचे ७८ हजार मिळतील का?’ आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये हा प्रश्न हमखास निघतो. बहुधा नाही. छतावर सोलर बसवायला अनुदान देणारी केंद्र सरकारची पीएम सूर्यघर मुफ्त बिजली योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. तिच्यात घरटी अनुदान पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३० हजार, तिसऱ्याला १८ हजार, म्हणजे जास्तीत जास्त ७८ हजार. पण त्यासाठी छप्पर तुमचं हवं. मुंबईत आपल्या डोक्यावर वरच्यांची फरशी असते आणि गच्ची सगळ्यांची. म्हणून इथे अर्ज करायचा तो सोसायटीने, लिफ्ट, पंप आणि जिन्यातल्या दिव्यांच्या कॉमन मीटरसाठी.

सोसायटीला मिळतात किलोवॅटमागे १८ हजार. मर्यादा घरटी ३ किलोवॅट या हिशेबाने, एकूण ५०० किलोवॅटपर्यंत. कुणा सभासदाने आधी स्वतःचं सोलर लावलं असेल तर तेही त्यात धरतात. गाड्यांचा चार्जिंग पॉइंटही कॉमन सोयीत मोडतो.

किती मोठं बसवायचं? गेल्या बारा महिन्यांची कॉमन बिलं काढून बसा. मुंबईत एक किलोवॅट दिवसाला सरासरी चारेक युनिट देतो आणि त्याला साधारण शंभर चौरस फूट बिनसावलीची जागा लागते. आमचं कॉमन बिल महिन्याला हजारेक युनिटचं, त्यात मोठा वाटा पंपाचा, कारण पालिकेचं पाणी येतं खालच्या टाकीत आणि ते वर चढवायचं आपणच. आम्हाला दहा किलोवॅट पुरेसे वाटले. अनुदान १ लाख ८० हजार. गच्ची मोठी आहे म्हणून दुप्पट बसवा, असं सांगणारा विक्रेता भेटेलच. त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. वापरून उरलेली युनिट वीज कंपनीकडे जातात आणि पुढच्या महिन्यांच्या बिलात वळती होतात खरी, पण ३१ मार्चला हिशेब बंद होतो आणि तेव्हा शिल्लक राहिलेल्या युनिटला मिळणारा भाव बिलाच्या दरापुढे किरकोळ असतो. बिलावर मंजूर भारही, म्हणजे त्या मीटरवर जास्तीत जास्त किती किलोवॅटची परवानगी आहे तेही, छापलेलं असतं. प्रकल्प त्याहून मोठा असेल तर भार वाढवून घ्यावा लागतो.

आता कागदपत्रं. घोडं पेंड खातं ते इथेच. कॉमन मीटरचं ताजं बिल, सोसायटीचं नोंदणी प्रमाणपत्र, पॅन, सोसायटीच्या खात्याचा रद्द केलेला चेक, गच्चीचे फोटो, सर्वसाधारण सभेचा ठराव आणि सही कोण करणार याचं अधिकारपत्र. आमची फाइल अशी जाडजूड तयार झाली आणि योजनेच्या पोर्टलवर ग्राहक क्रमांक टाकला तर नाव आलं बिल्डरचं! अठरा वर्षं बिल भरत होतो, वरची ओळ कुणी वाचलीच नव्हती. नाव बदलून घेण्यात दोन महिने गेले. तुम्ही आजच बिल बघा. कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन-इमारत सोसायटीच्या नावावर होणं, झालेलं नसेल आणि बिल्डर गच्चीवर हक्क सांगत असेल, तर आधी तो गुंता सोडवा.

ठरावात ‘सोलर बसवण्यास मंजुरी’ एवढंच लिहून भागत नाही. क्षमता, खर्च, पैसे सिंकिंग फंडातून (मोठ्या कामांसाठी साठवलेल्या निधीतून) की वर्गणीतून की कर्जातून, आणि गच्चीचा कोणता भाग, हे सगळं लिहा. आमच्या सभेत पैशांवर वीस मिनिटं गेली, वाळवणावर तासभर. ‘एप्रिलमध्ये कुरडया कुठे घालायच्या?’ तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं, आणि प्रश्न रास्त होता. त्या गच्चीवरचं ऊन आमच्याआधी त्याच वापरत होत्या. टाकीशेजारचा पट्टा वाळवणासाठी मोकळा ठेवायचा, असं ठरावातच लिहून टाकलं.

इमारत तीस वर्षांपुढची असेल तर पालिका कायद्याच्या ३५३ ब कलमाने स्ट्रक्चरल ऑडिट करावंच लागतं. तो अहवाल हाती आल्यावरच पॅनेलचं बोला. रिडेव्हलपमेंटचं वारं वाहत असेल तर थांबा. वॉटरप्रूफिंग आधी उरका. गच्चीवरच्या चायना चिप्सच्या (चिनी मातीच्या तुकड्यांच्या) लादीत भोकं पाडून सांगाडा ठोकला की पहिल्याच पावसात वरच्या मजल्याचं छत गळतं. सिमेंटच्या ठोकळ्यांवर उभारायला सांगा. खाऱ्या हवेत साधं लोखंड टिकत नाही, सांगाडा गॅल्व्हनाइज्डच घ्या.

पुढचं काम त्या मानाने सरळ. पीएम सूर्यघर डॉट जीओव्ही डॉट इन या पोर्टलवर राज्य, वीज कंपनी आणि ग्राहक क्रमांक टाकून नोंदणी करायची. कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंत बेस्ट, उपनगरांत बहुतेक ठिकाणी अदानी किंवा टाटा, भांडुप-मुलुंडला महावितरण. पण पत्त्यावरून अंदाज बांधू नका, बिलावर असेल तीच कंपनी निवडा. दहा किलोवॅटपर्यंतच्या अर्जाला तांत्रिक तपासणी न करता मान्यता मिळते; त्यावरच्या अर्जासाठी कंपनीकडे पंधरा दिवस असतात. मग नोंदणीकृत विक्रेत्यांपैकी एक निवडून करार करा. करारात पाच वर्षांची देखभाल आहे ना, आणि पॅनेल भारतात बनलेल्या सेलची आहेत ना, हे तपासा. सेल परदेशी निघाले तर अनुदान गेलं.

पॅनेल बसली की तपशील पोर्टलवर चढवून नेट मीटरसाठी, म्हणजे घेतलेली आणि परत दिलेली अशी दोन्हीकडची वीज मोजणाऱ्या मीटरसाठी, अर्ज. वीज कंपनी तपासणी करते, मीटर बदलते, प्रकल्प सुरू झाल्याचं प्रमाणपत्र निघतं. त्यानंतर बँक तपशील भरायचा आणि अनुदान साधारण महिन्याभरात सोसायटीच्या खात्यात येतं. म्हणजे विक्रेत्याला द्यायच्या सगळ्या पैशांची सोय आधीच करावी लागते. ‘अनुदान वजा करून द्या’ हे गणित सभेत मांडू नका, नंतर खजिनदार तोंडघशी पडतो.

पावसाळ्यात उत्पादन खाली येतं. जुलैचं बिल बघून कुणी ओरडलं तर मे महिन्याचं दाखवा. कबुतरांची शीट पंधरवड्याने धुवावी लागते, सकाळी ऊन चढण्याआधी. आणि एक सूचना जिन्यातल्या फळ्यावर आधीच लावा: बाहेरची वीज गेली की ही यंत्रणाही सुरक्षेसाठी आपोआप बंद पडते, त्यामुळे लाइट गेल्यावर सोलर असूनही लिफ्ट चालणार नाही.