आर-नॉट मोठा म्हणजे रोग मुक्कामालाच येणार? नाही हो

कोविडपासून आर-नॉट सगळ्यांच्या तोंडी बसलाय आणि त्याबरोबर एक घोळही, की ज्याचा आर-नॉट मोठा तो रोग कायमचा राहणार. पण पसरणं वेगळं आणि टिकणं वेगळं. आर-नॉट एवढंच सांगतो की कुणालाच प्रतिकारशक्ती नसलेल्या लोकांत एक पेशंट सरासरी किती जणांना रोग देईल. गोवराचा १२ ते १८ धरतात, भयंकरच. टिकण्यासाठी बघायचं ते वस्ती केवढी हवी, म्हणजे बाहेरून कुणी न आणताही रोग तिथे चालू राहील.

उत्तर अटलांटिकमधल्या फॅरो बेटांचंच बघा ना. १८४६ मध्ये गोवर शिरला, ७,७८२ लोकांपैकी ६,००० च्या वर आजारी पडले आणि काही महिन्यांत साथ संपलीसुद्धा, कारण लागण व्हायला पुरेशी माणसंच उरली नाहीत. आधीची साथ १७८१ ची! तेव्हा गोवर झालेल्या म्हाताऱ्यांना या वेळी परत झाला नाही, हे पीटर पानुम या तरुण डॅनिश डॉक्टरने तिथे जाऊन टिपून ठेवलं.

मग वस्ती हवी तरी केवढी? बार्टलेट या ब्रिटिश स्टॅटिस्टिशियनने १९५७ मध्ये इंग्लंड-वेल्सचे आकडे तपासले, तर साधारण अडीच-तीन लाखांपेक्षा लहान गावात गोवर मधूनमधून गायब व्हायचा आणि मोठ्या शहरातून परत यायचा. एकदा झालेला माणूस जन्मभर बाद, त्यामुळे गोवराला सतत नवी बाळं लागतात, आणि साथ ओसरल्यावर उरलेल्या चार-दोन पेशंटनी कुणाला दिलाच नाही की खेळ खलास. साथीचं गणित मांडणारी साधी समीकरणं इथेच फसवतात, त्यांच्यात ०.०१ पेशंटसुद्धा तग धरतो आणि पुढची साथ उभी करतो, पण खऱ्या गावात पाव माणूस आजारी नसतो ना, म्हणून योगायोग धरणारं मॉडेल लागतं.

कांजण्यांचं उलटं. पसरायला गोवराच्या मागे, पण छोट्या वस्तीतही टिकतात, कारण व्हायरस नसांमध्ये दबा धरून बसतो, पन्नास वर्षांनी आजोबांना नागीण होते आणि त्यांच्याकडून नातवाला कांजण्या.

गंमत म्हणजे साथींचं गणित मांडणाऱ्या करमॅक आणि मॅकेंड्रिक या दोघांच्या १९२७ च्या प्रसिद्ध पेपरात मुंबईच्या १९०५-०६ च्या प्लेगचा आलेख आहे, मॉडेल त्यावर छान बसलंय, पण त्या मॉडेलमध्ये जन्म नाहीत, उंदीर नाहीत, लाट चढते आणि उतरते, विषय संपला. मुंबईत मात्र प्लेग १८९६ पासून वर्षानुवर्षं परत येतच होता.