फुल्वम आणि एलाटियस: दोन रानवाटाण्यांमागचा नावांचा गुंता

रानवाटाण्यांच्या चर्चेत ज्या दोन वेलींची तुलना नेहमी होते, त्यांपैकी एलाटियसचे वर्णन १८०८ मध्ये आणि फुल्वमचे १८१३ मध्ये, दोन्ही वेळा स्वतंत्र जाती म्हणून, प्रसिद्ध झाले. एलाटियस भूमध्य समुद्राभोवतीच्या प्रदेशापासून कॉकेशसपर्यंत आढळतो. त्याचा वेल उंच चढतो आणि फुले जांभळट असतात. फुल्वम मात्र लहान चणीचा, नारिंगी-तपकिरी फुलांचा आणि मुख्यतः सीरिया, लेबनॉन, इस्राएल, जॉर्डन व दक्षिण तुर्कस्तान एवढ्याच पट्ट्यातला आहे.

खरा वाद एलाटियसच्या दर्जाचा आहे: तो स्वतंत्र जाती की लागवडीच्या वाटाण्याची उपजाती? गवताळ, कोरड्या भागातील बुटक्या वाटाण्याला १८५६ मध्ये ‘ह्युमिले’ असे जातिनाम देण्यात आले, परंतु ते नाव त्याआधीच दुसऱ्या वाटाण्याला दिलेले असल्यामुळे पुढे ‘प्युमिलिओ’ हे नाव पुढे आले आणि जुन्या-नव्या नोंदी जुळवणे अवघड झाले. १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संकर-प्रयोगांनी या गोंधळाला पहिले ठोस उत्तर दिले: एलाटियस, ह्युमिले आणि लागवडीचा वाटाणा यांचा आपसात संकर होतो, काही जोड्यांत गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल झालेले असल्याने संकरित रोपांची जननक्षमता घटते एवढेच, फुल्वम मात्र या सर्वांपासून स्पष्टपणे वेगळा पडतो. त्यामुळे एलाटियसला लागवडीच्या वाटाण्याची उपजाती मानण्याचा निर्णय मला योग्य वाटतो, तरी त्या एकाच नावाखाली परस्परांपासून बरेच दुरावलेले वंश झाकले जातात, हे तुलना करणाऱ्याने विसरता कामा नये. मराठीत अडचण आणखी वाढते, कारण ‘प्रजाती’ हा शब्द कोणी जातीसाठी वापरतो, तर कोणी जातींच्या गटासाठी.

अलीकडे वाटाण्याच्या जाती ज्यात मोडतात त्या ‘पायसम’ या गटाचे अस्तित्वच प्रश्नांकित झाले आहे. डीएनएच्या अभ्यासांत वाटाण्याची शाखा लाख या कडधान्याच्या लॅथिरस गटाच्या आतच निघते, म्हणून फुल्वमला २०१७ मध्ये ‘लॅथिरस फुल्वस’ हे नाव सुचवण्यात आले. पैदासकार मात्र अजून ‘पायसम’च लिहितात.

त्यांचे लक्ष नावापेक्षा भुंगेऱ्यावर आहे. वाटाण्याच्या दाण्यात शिरणाऱ्या या किडीला फुल्वमचे काही नमुने प्रतिकार करतात आणि तो गुण लागवडीच्या वाटाण्यात आणणे शक्य झाले आहे. हा संकर फुल्वमचे पराग वापरल्यास साधतो. उलट दिशेने तो क्वचितच यशस्वी होतो.