पाळी गेल्यावर पायांच्या धमन्यांत काय बदलतं?

थोडं चाललं की पोटरी भरून येते, थांबलं की काही मिनिटांत मोकळी होते, पुन्हा चाललं की पुन्हा तेच. साठीच्या बाईने हे सांगितलं, तर घरचे गुडघ्याला लावायचं तेल आणून देतात. पण चालण्याशी असं बांधलेलं दुखणं बऱ्याचदा पायाच्या धमनीचं असतं. धमनीच्या भिंतीत कोलेस्टेरॉल साचतं, त्याच्यामागे पांढऱ्या पेशी शिरतात, दाह धुमसत राहतो आणि वाट अरुंद होते.

या भिंतीच्या अस्तरातल्या पेशींमध्ये इस्ट्रोजेनचे, म्हणजे स्त्रियांच्या मुख्य हार्मोनचे, रिसेप्टर असतात; रिसेप्टर म्हणजे हार्मोन ज्याला चिकटतं ते प्रथिन. इस्ट्रोजेन त्यांना चिकटलं की अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडतं, धमनी सैलावते आणि पांढऱ्या पेशींना धरून ठेवणारी प्रथिनं कमी होतात. पाळी बंद झाल्यावर हे संरक्षण ओसरतं. मग बाहेरून इस्ट्रोजेन द्यावं, असं कुणालाही वाटेल.

अमेरिकेत ते करून पाहिलं. हृदयविकार असलेल्या २,७६३ स्त्रियांवरच्या 'हर्स' चाचणीचे निकाल १९९८ मध्ये आले. हार्मोनच्या गोळ्यांनी हृदयाचे झटके कमी झाले नाहीत. १९९८चा तो निकाल अनेकांना पचला नाही, पण मला त्यामागचं जीवशास्त्र फार मोलाचं वाटतं. रोगट भिंतीत मुळात इस्ट्रोजेनचे रिसेप्टर घटलेले असतात. शिवाय तिथे कोलेस्टेरॉलपासून बनलेलं २७-हायड्रॉक्सीकोलेस्टेरॉल साठतं. ते त्याच रिसेप्टरला चिकटून इस्ट्रोजेनचं काम अडवतं. उंदरांमध्ये तर त्याच वाटेने ते दाह वाढवतं. म्हणजे रिसेप्टर तोच, पण त्याच्यापाशी कोण पोचलं यावर दाह शमणार की भडकणार हे ठरतं.

२०१६ मध्ये प्रसिद्ध झालेली 'एलीट' चाचणी याच्याशी जुळते. पाळी जाऊन सहा वर्षं झाली नव्हती अशा स्त्रियांत इस्ट्रोजेनमुळे मानेच्या धमनीची भिंत जाड होण्याचा वेग मंदावला. दहा वर्षं उलटून गेलेल्यांत फरक पडला नाही. तरीही पायांच्या धमन्यांसाठी हार्मोन हा उपचार नाही. तंबाखू सोडणं, कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिनच्या गोळ्या, रक्तदाब आणि साखरेवर ताबा, देखरेखीखालचा चालण्याचा व्यायाम, हेच खरे उपचार.

निदान सोपं आहे. घोट्याजवळचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून त्यांचं गुणोत्तर काढतात; ०.९० किंवा त्याहून कमी आलं तर धमनी अरुंद झाल्याचं धरतात. सुई टोचावी लागत नाही. आईची पोटरी चालताना भरून येत असेल, तर डॉक्टरांकडे ही तपासणी नाव घेऊन मागा: अँकल-ब्रॅकियल इंडेक्स.