अध्ययन अक्षमता : शाळेतील ओळख आणि साहाय्य (महाराष्ट्र)

अध्ययन अक्षमता : बुद्धी, डोळे आणि कान ठीक असून, शाळेत नियमित येऊनही मूल वाचन, लेखन किंवा गणित यांत सतत मागे राहते, त्या अवस्थेला हे नाव आहे. वाचनातील अडचणीला डिस्लेक्सिया, लेखनातील अडचणीला डिसग्राफिया आणि आकडेमोडीतील अडचणीला डिसकॅल्क्युलिया म्हणतात. ती वरून दिसत नाही. कुबड्या किंवा श्रवणयंत्र लगेच नजरेत भरते. हे मूल मात्र ‘आळशी’ किंवा ‘ढ’ ठरून वर्षानुवर्षे मागच्या बाकावर बसून राहते.

पहिली शंका वर्गशिक्षकालाच यावी लागते. देवनागरीत अक्षर आणि उच्चार यांचे नाते इंग्रजीपेक्षा बरेच सरळ आहे, म्हणून मराठी माध्यमातली लक्षणे थोडी वेगळी दिसतात. मूल अक्षर अक्षर लावत वाचते, जोडाक्षरापाशी अडते, काना-मात्रा गाळते, ‘भ’ आणि ‘म’ किंवा ‘घ’ आणि ‘ध’ यांत गफलत करते, फळ्यावरचे उतरवताना ओळ चुकते. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांवरून काही ठरवू नये. त्या पदवीधरही करतात. सर्वांत बोलकी खूण म्हणजे तोंडी उत्तर झटकन येते आणि वही मात्र कोरी राहते. घरी कोरकू किंवा पावरी या आदिवासी भाषा बोलणारे मूल मराठी शाळेत सुरुवातीला अडखळले, तर तो भाषेचा प्रश्न असतो, अक्षमतेचा नव्हे. ही गल्लत झाली की मुलावर नको तो शिक्का बसतो.

पडताळणीसाठी एनसीईआरटीने (राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद) २०२२ मध्ये ‘प्रशस्त’ ही लक्षणांची सूची आणि तिचे मोबाइल अ‍ॅप आणले. पहिला भाग वर्गशिक्षक भरतो, दुसरा विशेष शिक्षक, म्हणजे विशेष गरजा असलेल्या मुलांना शिकवणारा प्रशिक्षित शिक्षक. हे निदान नव्हे, नुसती चाळणी आहे. पुढे आधी नजर व श्रवण तपासतात, मग मानसशास्त्रज्ञ बुद्ध्यंक आणि इयत्तेनुसार वाचन-लेखन-गणिताच्या चाचण्या घेतो. ठाम निदान साधारण आठव्या वर्षी, म्हणजे तिसरीच्या सुमारास होऊ शकते. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातील केंद्र या कामासाठी परिचित आहे. चाचण्या बहुतांशी इंग्रजीवर बेतलेल्या असणे ही जुनी अडचण. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ मध्ये तयार केलेल्या ‘डाली’ या साधनात मराठीचाही समावेश आहे.

या बाबतीत महाराष्ट्र देशाच्या पुढे होता. १९९५ च्या केंद्रीय अपंग कायद्यात अध्ययन अक्षमतेचा उल्लेखही नव्हता, पण राज्यात १९९६ पासून अशा विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती मिळू लागल्या. केंद्रीय कायद्यात तिला जागा मिळाली ती २०१६ साली, दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांपैकी एक म्हणून. सवलतींमध्ये जादा वेळ आणि लेखनिक येतात. बीजगणित-भूमितीऐवजी सातवीच्या पातळीचे अंकगणित आणि कार्यानुभव घेण्याची, तसेच एका भाषेतून सूट मिळवण्याची सोयही दिली गेली.

सवलत पेपरपुरती असते, आणि घोडे इथेच अडते. अनेक पालक सवलतीसाठी लागणाऱ्या अक्षमतेच्या प्रमाणपत्रासाठी धावतात ते नववी-दहावीत, तोवर वाचन सुधारण्याची उत्तम वर्षे निघून गेलेली असतात. खरा उपाय उपचारात्मक अध्यापनाचा : ध्वनी आणि अक्षर यांची जोडी पुन्हा पक्की करणे, वाळूत बोटाने गिरवणे, शब्द तोडून जोडणे, हे आठवड्यातून काही तास आणि काही वर्षे. त्यासाठी प्रत्येक मुलाचा वैयक्तिक शैक्षणिक आराखडा लागतो. समग्र शिक्षा या सरकारी शालेय शिक्षण योजनेत हे काम मुख्यतः तालुका पातळीवरच्या गट साधन केंद्रातील विशेष शिक्षकांकडे येते, आणि एकेकाच्या वाट्याला अनेक शाळा असतात. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये प्राथमिक स्तरावर १० आणि त्यापुढे १५ विशेष गरजा असलेल्या विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण सांगितले. प्रमाणपत्राची वाट न पाहता हे अध्यापन सुरू करता येते. त्याला कोणताही नियम आड येत नाही.

केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत प्रमाणपत्र आठव्या वर्षापासून देण्याची, चौदाव्या आणि अठराव्या वर्षी फेरतपासणीची, आणि अठराव्या वर्षीचे प्रमाणपत्र कायमचे धरण्याची तरतूद होती.