बंबामागचा कोळी

डोंबिवलीहून रात्रभर प्रवास करून गणपतीला मालवण तालुक्यातल्या आमच्या घरी पोचलं, की सगळ्यांची झुंबड न्हाणीकडे उडते. मी मात्र पंचवीसेक वर्षं ओटीवर रेंगाळत राहायचे. आधी कोणीतरी आत जाऊन बंबामागे, बालदीखाली, वाशांवर बॅटरी मारून यायचं, मगच मी. कारण बंबामागे तो असायचा. भिंतीला चिकटलेला, सपाट, तपकिरी, आठही पाय खेकड्यासारखे दोन्ही अंगांना पसरलेला. मी किंचाळायचे आणि काकी चुलीपाशी बसूनच म्हणायची, "अगो, तो काय करता तुका? झुरळां खाता तो."

काकी म्हणायची ते अक्षरशः खरं होतं, आणि त्याचा मला काडीचा उपयोग झाला नाही. पुढे मीही कोळ्यांबद्दल भरपूर वाचलं. तो निरुपद्रवी असल्याचं मला तोंडपाठ होतं, पण ते पाठांतर न्हाणीच्या उंबऱ्यापर्यंतच टिकायचं.

या पाहुण्याचं शास्त्रीय नाव हेटेरोपोडा व्हेनाटोरिया. कार्ल लिनियसने १७६७ मध्ये त्याचं वर्णन केलं. तो मूळचा आशियातला असावा असं मानतात. जहाजांतून, केळ्यांच्या घडांतून तो जगभरच्या उष्ण किनाऱ्यांवर जाऊन राहिला. मासे धरणारा तो कोळी आणि भिंतीवरचा हाही कोळीच, जाळ्याशी नातं सांगणारे दोघेही. पण हा गडी शिकारीला जाळं लावतच नाही. दिवसा फटीत बसायचं आणि रात्री भिंतीवर फिरून झुरळं धरायची, हा त्याचा दिनक्रम. जुन्या मराठीत कोळ्याला कांतीण म्हणत, म्हणजे सूत कांतणारी. या कोळ्याची मादी सूत कांतते ते अंड्यांसाठी. त्याची गोल, चपटी, पांढुरकी पिशवी करून ती पोटाखाली धरून हिंडते. लहानपणी आम्ही त्याला 'बटणवाला कोळी' म्हणायचो. तो वाला नसून वाली होती, हे फार उशिरा कळलं.

त्याला बघून मला सर्वांत जास्त कशाने धडकी भरायची, तर त्याच्या पळण्याने. निश्चल बसलेला असतो, एकदम हातभर सुसाट जातो, पुन्हा निश्चल. पुढची धाव कुठल्या दिशेला, ते सांगता येत नाही. यामागचं यंत्र गमतीशीर आहे. आपला पाय वाकवायला एक स्नायू असतो आणि सरळ करायला दुसरा. कोळ्याच्या पायातल्या दोन मुख्य सांध्यांत सरळ करणारा स्नायूच नसतो. तो शरीरातला द्रव दाबाने पायात ढकलतो आणि पाय ताठ होतो. जेसीबीचा हात तेलाच्या दाबावर उचलला जातो, तसंच. मेलेल्या कोळ्याचे पाय पोटाशी मुडपलेले दिसतात तेही यामुळेच. दाब गेला, आता फक्त वाकवणारे स्नायू उरले. शिवाय त्याला दम नसतो. जोरात धावताना लागणारा प्राणवायू शरीराला तितक्या वेगाने पुरत नाही, म्हणून थोडं पळायचं आणि थांबायचं. मला जो दबा धरून बसलेला वाटायचा, तो पुष्कळदा नुसता दमलेला असायचा. तो 'अंगावर धावून आला' असं आपण म्हणतो, तेव्हा त्याला बहुधा काळोखी फट हवी असते आणि आपली सावली त्याला तशी वाटते.

आकाराचीही एक गंमत आहे. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी कोळ्याला भिणाऱ्या माणसांना जिवंत कोळ्याच्या जवळ नेलं आणि नंतर त्याची लांबी कागदावर रेघ ओढून दाखवायला सांगितली. २०१२ मध्ये छापून आलेला हा अभ्यास. ज्याची भीती मोठी, त्याची रेघ मोठी. मी घरी सांगायचे, ताटलीएवढा होता. गेल्या वर्षी न्हाणीच्या भिंतीला आठ इंची टाइल लावल्या आणि मोजपट्टी आयती मिळाली. तो अर्ध्या टाइलमध्ये मावत होता. पायांसकट नऊ-दहा सेंटिमीटर. लहान नव्हे, पण ताटलीही नव्हे.

मग ही भीती येते कुठून? मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन यांनी १९७१ मध्ये मांडलं, की आपला मेंदू कोरी पाटी नसतो. साप, उंची, काळोख अशा काही गोष्टींची भीती तो चटकन शिकतो आणि सोडायला कुरकुरतो. विजेच्या उघड्या तारेने किंवा भरधाव डंपरने माणसं मरतात, पण तारेचं चित्र बघून कोणाच्या अंगावर काटा येत नाही. युरोपात २०१७ मध्ये सहा महिन्यांच्या बाळांना कोळी, साप, फुलं आणि मासे यांची चित्रं दाखवली. कोळी आणि साप दिसले, की बाळांच्या डोळ्यांतल्या बाहुल्या जास्त मोठ्या व्हायच्या. याचा अर्थ बाळ घाबरलं असा नाही. अंगात एक सावधपणा आला, एवढंच.

त्या सावधपणाची भीती कशी होते, ते मानसशास्त्रज्ञ सुसान मिनेका यांच्या माकडांवरच्या प्रयोगांतून दिसलं. प्रयोगशाळेत जन्मलेली माकडं सापाला भीत नव्हती. दुसरं माकड सापाला पाहून घाबरल्याची चित्रफीत दाखवली, की तीही भ्यायला लागली. मग चित्रफितीत फेरफार करून ते माकड फुलाला घाबरतंय असं दाखवलं. फुलाची भीती मात्र कोणी शिकलं नाही. हे वाचलं तेव्हा मला आई आठवली. मुंबईत वाढलेली, लग्न करून कोकणात आलेली, आणि माझ्याआधी न्हाणीच्या दारात किंचाळणारी. भीतीचं बीज माणसाच्या जातीचं असेल, खतपाणी घरचं होतं.

भीती धोक्याच्या मापाने वाटली जात नाही, हे कोकणात फार स्पष्ट दिसतं. कोळ्याचा चुलतभाऊ म्हणावा असा लाल विंचू इथे खरोखर माणसं मारत आला. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रायगड जिल्ह्यातल्या विंचूदंशाच्या रुग्णांवर वर्षानुवर्षं काम केलं आणि प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध विंचवाच्या विषावर कसं चालतं ते दाखवलं. चाळीस टक्क्यांच्या आसपास असलेलं मृत्यूचं प्रमाण त्यामुळे एक टक्क्यापर्यंत खाली आलं. आमच्या घरात विंचू निघाला तर काका चपलेने चेचतो आणि जेवायला बसतो. किंचाळी कोळ्यासाठी राखीव.

कोळ्यावर एक खोटा आळही आहे. पावसाळ्यात सकाळी उठावं तर मानेवर नाहीतर दंडावर लालबुंद पट्टा, त्यावर फोड, आग. 'कोळी मुतला' असं निदान लगेच होतं. पुष्कळदा तो कोळी नसतो, पेडेरस नावाचा छोटा भुंगेरा असतो. मुंगीपेक्षा थोडा मोठा, नारिंगी-काळ्या पट्ट्यांचा. दिव्याला येतो, अंगावर बसतो, झोपेत आपण त्याला चोळतो आणि त्याच्या शरीरातलं पेडेरिन त्वचेला लागतं. हे विष तो स्वतः करत नाही, त्याच्या शरीरात राहणारे जिवाणू करतात. फोड यायला एखादा दिवस लागतो, तोवर भुंगेरा विसरलेला असतो. भिंतीवर समोर दिसतो तो कोळी. नागिणीचे फोडही असेच कोळ्याच्या नावावर खपतात, आणि त्यात डॉक्टरकडे जायला उशीर होतो. अंगावर असा किडा दिसला तर चिरडू नये. फुंकर मारून उडवावा आणि जागा साबणाने धुवावी.

कोळी चावतच नाही असंही नाही. कपड्यात, मुठीत दाबला गेला तर हा मोठा कोळीही चावतो. दुखतं, थोडी सूज येते, ओसरते. जखम पसरत गेली किंवा ताप आला तर डॉक्टर गाठावा, पण ते कुठल्याही चाव्याचं झालं.

आता मुद्द्याचं. कोळी दिसला, पळाले, धडधड थांबली. बरं वाटलं ना? तिथेच घोटाळा आहे. मेंदू खतावणीत नोंद करतो: पळालो म्हणून वाचलो. दर वेळी पळताना हीच नोंद पक्की होत जाते. पळालो नसतो तर काय झालं असतं, ते पाहायची संधी मेंदूला कधी मिळतच नाही. म्हणून उपचाराचं मूळ तत्त्व सोपं आणि नकोसं आहे: झेपेल इतक्या जवळ जायचं आणि भीती असतानाच तिथे थांबायचं. मेरी कव्हर जोन्स यांनी १९२४ मध्ये सशाला भिणाऱ्या पीटर नावाच्या लहानग्यावर हे करून पाहिलं. तो आवडीचं खात असताना ससा रोज थोडा जवळ आणायचा. शेवटी पीटर सशाला कुरवाळू लागला. स्वीडनच्या लार्स-योरान ओस्ट यांनी १९८९ मध्ये मांडलेल्या पद्धतीत तर सगळा उपचार एका बैठकीत, जास्तीत जास्त तीन तासांत होतो. २०१२ मध्ये अमेरिकेत कॅथरिना हाउनर यांनी कोळ्याला अतोनात भिणाऱ्या बारा जणांवर अशीच बैठक घेतली. शेवटी त्यांनी जिवंत टॅरंटुलाला, म्हणजे थोराड केसाळ कोळ्याला, हात लावला, आणि सहा महिन्यांनीही ते लावू शकत होते. मेंदूच्या चित्रांतही भीतीच्या भागांची खळबळ कमी झालेली दिसली.

त्याच वर्षी लॉस एंजेलिसमधला एक अभ्यास आला, माझा आवडता. अठ्ठ्याऐंशी जणांना टॅरंटुलाजवळ जायला सांगितलं. काहींनी स्वतःची समजूत घातली, 'छोटासा कोळी आहे, काही करत नाही'. काहींनी भीती जशीच्या तशी तोंडाने बोलून दाखवली, 'हा घाणेरडा कोळी अंगावर उडी मारेल अशी मला भीती वाटतेय'. आठवड्याभराने पुन्हा पाहिलं, तर बोलून दाखवणाऱ्यांची शरीरं जास्त शांत होती. काकीचं वाक्य माझ्यावर का चाललं नाही, त्याचं निदान एक कारण मला इथे सापडलं.

एक कच्चा दुवा सांगायला हवा. जुनी भीती पुसली जात नाही. तिच्या शेजारी नवी शिकवण बसते आणि ती जागेला चिकटून असते. डोंबिवलीच्या दवाखान्यात, ट्यूबलाइटखाली धीट झालेली मी मालवणच्या अंधाऱ्या न्हाणीत पुन्हा भित्री होऊ शकते. म्हणून सराव वेगवेगळ्या जागी, वेगवेगळ्या वेळी करायचा.

मी सुरुवात उडी मारणाऱ्या कोळ्यापासून केली. खिडकीच्या गजांवर दिसतो तो, नखाएवढा. आठ डोळ्यांतले पुढचे दोन टपोरे असतात, आणि आपण बाजूला सरकलो की तो वळून आपल्याकडे बघतो. त्याला घाबरणं मलाही जमेना. दुसरी पायरी आयती मिळाली. बंबामागे एक कोळी लटकत होता. बॅटरी मारली तर पोकळ. कोळी वाढताना कात टाकतो आणि ती कात पायांच्या नखांसकट अख्खी राहते. मी ती लोणच्याच्या रिकाम्या बरणीत घालून उशाशी ठेवली. घरच्यांनी डोक्यावर परिणाम झाल्याचं जाहीर केलं. पहिल्या रात्री बरणी उलटी फिरवून झोपले, तिसऱ्या दिवशी उघडून बोट लावलं. मग जिवंत कोळी, दहा पावलांवरून. जाताना वहीत लिहायचे: 'माझ्या केसांत येईल.' दहा मिनिटं उभी राहून पुन्हा लिहायचे: 'जागचा हलला नाही.' पाचव्या दिवशी माझी मलाच ती वही हास्यास्पद वाटली.

ज्यांची भीती याहून खोल आहे, ज्यांनी गावी जाणंच सोडलं आहे किंवा ज्यांना नुसत्या विचाराने घाम फुटतो, त्यांनी एकट्याने शिडी चढू नये. अनुभवी मानसोपचारतज्ज्ञ किंवा चिकित्सा मानसशास्त्रज्ञ हे काम सोबतीने करतात. सरकारची टेलीमानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

घरातला कोळी कमी करायचा तर आधी त्याचं जेवण कमी करावं. दारावरचा पांढरा झगझगीत दिवा पाखरांना बोलावतो आणि पाखरं कोळ्यांना. पिवळसर दिव्याला किडे कमी येतात. झुरळांचा फवारा मात्र माझ्यासारख्यांनी हातात घेऊ नये. फवारलेला कोळी मरण्याआधी वेडावाकडा पळतो, आणि त्या पळण्याचीच तर आपल्याला भीती असते. चिऱ्याच्या भिंती, कौलं, लाकडाची रास असलेलं घर कोळ्यावाचून असणं अशक्य आहे. ओटीच्या वाशांना मातीची घरं करणारी कुंभारीण माशी आमच्यापेक्षा जास्त कोळी उचलते. डंख मारून लुळे केलेले कोळी ती पिल्लांची बेगमी म्हणून घरात भरून ठेवते.

यंदा गौरी आल्या त्या रात्री माझी सहा वर्षांची भाची न्हाणीतून धावत आली. "आत्या, तो आहे!" ती कोळ्याकडे बघत नव्हती, माझ्या तोंडाकडे बघत होती. मी मिनेकांच्या माकडांना मनात नमस्कार केला, मोठ्याने म्हणाले, "मला भीती वाटतेय, पण आपण त्याला बाहेर सोडू," आणि प्लास्टिकचा डबा आणला. तो कोळ्यावर पालथा घातला, खालून गेल्या वर्षीच्या कॅलेंडरचा पुठ्ठा सरकवला. हात थरथरत होते. डबा घेऊन पावसातून फणसापर्यंत गेले, बॅटरी भाचीने धरली. पुठ्ठा काढल्यावर तो एक धाव धावला, थांबला, पुन्हा धावला आणि खोडाच्या सालीत दिसेनासा झाला.

परत आलो तेव्हा काकी मागल्या दारात उभी होती.

"भायर सोडलंस?" ती म्हणाली. "आता झुरळां कोण खातलो?"