मुतखड्याचा काढा क्रिएटिनिनला चालेल का?

सोनोग्राफीत ४ मिलिमीटरचा खडा निघाला किंवा रक्तात क्रिएटिनिन (किडनीनं गाळून बाहेर टाकायचा कचरा) वाढून ४ आलं, तरी सोलापुरात सल्ला एकच मिळतो: "किडनीचं आहे ना, मग हुलग्याचं पाणी प्या, सराट्याचा काढा घ्या, सकाळी अनशापोटी पानफुटीचं पान खा." खडेवाल्याचं यानं सहसा फारसं बिघडत नाही. क्रिएटिनिनवाल्यावर मात्र तातडीच्या डायलिसिसची वेळ येऊ शकते.

मुतखडा म्हणजे लघवीतल्या क्षारांचा खडा, बहुतेक वेळा कॅल्शियम ऑक्झॅलेटचा. किडनी बहुधा धडधाकट असते, तक्रार असते ती वाट अडल्याची. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४३ च्या पुढे जातो, यंत्रमागाच्या शेडमध्ये दिवसभर घाम गळतो, पाणी पिणं राहून जातं आणि लघवी घट्ट होते. मग कंबरेतून निघालेली कळ जांघेत उतरते आणि माणूस गडाबडा लोळतो. ५ मिलिमीटरपेक्षा लहान खडे बहुतांशी आपोआपच पडतात. त्यामुळे काढ्याच्या नावावर जो गुण जमा होतो, त्यात काढ्यासोबत पोटात गेलेल्या पाण्याचा वाटा किती, हे कुणी विचारत नाही. ताप आला, लघवी बंद झाली किंवा किडनीच एक असली, तर मात्र घरगुती उपायात एक दिवसही घालवू नये.

क्रिएटिनिन वाढून राहिलं, म्हणजे किडनीची गाळणीच झिजलीय. बहुतेकदा कारण जुनी शुगर नाहीतर बीपी. हा आजार दुखत नाही, म्हणून तर उशीर होतो. लघवीला फेस, पायांवर सूज, थकवा, रक्त कमी. तोवर बरंच काम बिघडलेलं असतं. पाठ दुखली की "किडनी गेली" म्हणणारे पुष्कळ भेटतात, पण बीपी असूनही वर्षानुवर्षं लघवीतलं अल्ब्युमिन (लघवीतून जाणारं प्रथिन) तपासून न घेणारे त्याहून जास्त.

वनस्पती तीच, मग फरक कशानं पडतो? मुख्य कारण पोटॅशियम. हुलगा, शहाळं, डाळिंबाचा रस, पाल्याचे बरेचसे काढे यांत ते भरपूर असतं. चांगली किडनी जास्तीचं पोटॅशियम लघवीतून काढून टाकते. झिजलेल्या किडनीला ते जमत नाही, ते रक्तात साठतं. रक्तात ते साधारण ३.५ ते ५ असावं. ६ च्या वर गेलं की हृदयाचे ठोके चुकू शकतात, आणि तेही फारशी सूचना न देता. हुलग्याचं माडगं आमच्याकडचं उत्तम खाणं आहे, त्याच्याशी माझं भांडण नाही. पण पोटॅशियम वाढलेल्या माणसाला ते औषध म्हणून रोज वाडगाभर देणं चूकच. कमरखाचं (स्टारफ्रूटचं) तर नावच काढू नये: त्यातल्या विषारी घटकानं किडनीच्या रुग्णांना उचकी, भ्रम आणि झटकेही आलेले आहेत.

दुसरी भीती पुडीत नेमकं काय आहे याची. १९९० च्या सुमारास ब्रसेल्समध्ये वजन कमी करायच्या गोळ्यांत एका चिनी वनस्पतीऐवजी नावसाधर्म्यामुळे दुसरीच, ॲरिस्टोलोकियाच्या कुळातली गेली. शंभरच्या आसपास बायकांच्या किडन्यांना इजा झाली, काहींना पुढे मूत्रमार्गाचा कॅन्सरही झाला. आपल्याकडच्या औषधांचं सांगायचं, तर २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेतल्या बॉस्टनच्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक औषधांपैकी १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. म्हणून "झाडपाल्याचंच आहे" एवढ्यावर बिनालेबलची पुडी घेऊ नये. भस्म असेल तर प्रश्न आणखी वेगळा, कारण त्यात धातू मुद्दाम घातलेला असतो.

आयुर्वेद घ्यायचाच असेल तर शिकलेल्या वैद्यांना क्रिएटिनिन आणि पोटॅशियमचे रिपोर्ट दाखवून घ्या, नेफ्रॉलॉजिस्टना (किडनीच्या डॉक्टरांना) औषधाचं नाव सांगा, आणि पंधरा दिवसांनी दोन्ही तपासण्या परत करा. त्या काढ्याच्या भरवशावर बीपीची गोळी बंद करणं सगळ्यांत महागात पडतं. हीच अदलाबदल ॲलोपॅथीतही होते: खड्याच्या कळेसाठी दिलेली डायक्लोफेनॅकची वेदनाशामक गोळी घरातल्या डब्यात उरते आणि क्रिएटिनिन वाढलेल्या आजोबांच्या गुडघ्यासाठी वापरली जाते, आणि झिजलेल्या किडनीला ती आणखी इजा करते.

पाण्याचाही हिशेब दोघांचा वेगळा. खडेवाल्यानं दिवसाला दोन-अडीच लिटर लघवी होईल इतकं प्यायचं. पायावर सूज आणि लघवी कमी असलेल्यानं मात्र डॉक्टर सांगतील तेवढंच, आणि त्या मापात चहा, ताक, आमटीचं पाणी आणि तो काढाही धरायचा.